व्हिप्ड क्रीमऐवजी चक्का: मे महिन्यातल्या सोलापुरात टिकेल असं हलकं क्रीम

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडिलांची पंचाहत्तरी मे महिन्यात, जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर, रात्री आठला, माणसं तीसेक. अँजिओप्लास्टीनंतर त्यांना साय, लोणी, तळकट कमी करायला सांगितलंय, आणि त्यांचा जीव मात्र फळांच्या ट्रायफलवर, म्हणजे केकचा स्पंज, फळं आणि क्रीम यांच्या थरांवर. व्हिप्ड क्रीमऐवजी घरी काही हलकं करता येईल का, हे तुम्हाला हवंय. पाकिटातलं फ्रेश क्रीम बर्फावर फेटून पाहिलंत, ते पातळच राहिलं. कुणीतरी नॉन-डेअरी क्रीम सुचवलंय.

मी गेली वीसेक वर्षं घरून डेझर्टच्या ऑर्डरी करते, त्याही सोलापुरातच, त्यामुळे उन्हाळ्याचं गणित मला चांगलं माहीत आहे. जरा सविस्तर लिहिते.

तुमचं क्रीम का फुललं नाही, त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. क्रीम फेटताना हवेचे बुडबुडे आत जातात आणि थंडीने घट्ट झालेले स्निग्धाचे कण एकमेकांना चिकटून त्या बुडबुड्यांभोवती भिंत बांधतात. त्या भिंतीला निदान ३० ते ३५ टक्के फॅट लागतं. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के असतं. ते ग्रेव्हीसाठी ठीक, पण त्याची भिंत कच्चीच राहते. शिवाय हे सगळं थंडीवर चालतं. भांडं गरम झालं की कण वितळतात आणि सगळं खाली बसतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, आणि रात्री आठलाही गच्चीचा स्लॅब पायाला चटका देतो. तिथे अस्सल व्हिप्ड क्रीमसुद्धा अर्धा तास धरणार नाही.

नॉन-डेअरी क्रीमबद्दल एक गैरसमज मी फार ऐकते: दुधाचं नाही, म्हणजे हलकं. ते बहुतेक वेळा हायड्रोजनेटेड पामकर्नल तेल, साखर आणि स्थिर करणारे पदार्थ घालून केलेलं असतं. २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, ते चांगलंच झालं, पण पामकर्नल तेलातलं संपृक्त स्निग्ध (सॅच्युरेटेड फॅट) तिथेच राहतं. गुलाबाची फुलं काढायला ते सोपं पडतं आणि उन्हातही बरं टिकतं, म्हणून बेकरीवाले वापरतात. तुमच्या वडिलांसाठी मी ते घेणार नाही. नारळाचं घट्ट दूधही नको, त्यातही स्निग्ध भरपूर असतं आणि तेही संपृक्तच.

आता माझं म्हणणं. आपल्या घरात चक्का पिढ्यान् पिढ्या टांगला जातोय. त्यालाच हाताशी धरा. फक्त एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळे तिथेच चुकतात: चक्का फेटून फुलत नाही. उलट जितका फेटाल तितका तो सैल होतो, आणि मिक्सरला लावलात तर सरळ लस्सी. क्रीमसारखी भिंत बांधायला त्यात पुरेसं स्निग्धच नाही. त्याचा घट्टपणा पाणी निथळण्यातून येतो. हवा हवी असेल तर ती वेगळ्या भांड्यात तयार करून अलगद त्यात मिसळायची.

स्निग्धाचा हिशोब घरीच करता येतो. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट, म्हणजे लिटरला ३० ग्रॅम. त्याचा चक्का साधारण ३५० ग्रॅम होतो आणि फॅट जवळजवळ सगळं चक्क्यातच राहतं. म्हणजे साडेआठ टक्के, व्हिपिंग क्रीमच्या पाव. डबल टोन्ड घेतलंत तर दीड टक्क्यामुळे आणखी अर्ध्यावर येतं, पण दही जरा खरबरीत लागतं. म्हशीच्या सायीच्या दुधाचा चक्का मात्र पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो, त्यामुळे घरचं रतिबाचं म्हशीचं दूध या कामाला घेऊ नका. मी टोन्डवरच थांबते. चवही राहते, भारही नाही.

तीस जणांना प्रत्येकी दोन मोठे चमचे धरले तर तीन लिटर दूध पुरे, किलोभर चक्का निघेल. दूध उकळल्यावर लगेच उतरवू नका. मंद आचेवर, तळाला लागू न देता, दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा. त्याने दह्याला पाणी कमी सुटतं आणि पोत रेशमी येतो. कोमट झालं की विरजण लावा. विरजण ताजं आणि गोड असू द्या, आंबट विरजणाचं क्रीम आंबटच होणार. आपल्या उन्हाळ्यात दही चार तासांत लागतं. लागलं की त्याच क्षणी फ्रिजमध्ये. रात्री विरजून सकाळी बघू, ही थंडीतली सवय मे महिन्यात सोडायची.

टांगायला फडकं कुठलं, हे टॉवेल-चादरींच्या सोलापुरात सांगायची वेळ यावी याची गंमत वाटेल, पण सांगते. घरोघरी टर्किश टॉवेल पडलेले असतात आणि घाईत तोच हाती येतो. त्याच्या लूपमध्ये चक्का अडकतो आणि धागे उतरतात. जुना, धुऊन धुऊन पातळ झालेला सुती पंचा किंवा मलमल घ्या, आणि तो आधी नुसत्या पाण्यात उकळून घ्या, कारण साबणाचा वास चक्का लगेच ओढून घेतो. खुंटीला टांगू नका, बाहेरच्या उष्णतेत तो तासाभरात आंबतो. खोल पातेल्यावर चाळणी, चाळणीत पुरचुंडी, वर ताटली आणि ताटलीवर खलबत्ता, हे सगळं फ्रिजमध्ये आठ ते दहा तास. माझ्या सासूबाई चक्का झाला की नाही हे बोटाने बघायच्या: बोट लावून उचललं तर बोट जवळपास कोरडं यायला हवं. मी अजून तसंच बघते.

निघालेलं पाणी फेकू नका, त्यात धपाट्याचं पीठ भिजवा, मऊ होतात.

चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून एकदा काढा, श्रीखंडाला काढतो तसाच. गुठळी राहिली तर ती जिभेला लगेच कळते.

आता उन्हाचा बंदोबस्त. क्रीम टिकावं म्हणून बरेच जण जिलेटीन सुचवतात. एक तर ते प्राणिज आहे, तुमच्या पाहुण्यांत शाकाहारी असतीलच, आणि दुसरं म्हणजे ते ३०-३५ अंशांच्या दरम्यानच विरघळतं. आपल्या गच्चीवर त्याचा काय उपयोग? चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, समुद्रशैवालापासून होतं. ते ३५-४० अंशांच्या आसपास गोठतं, पण एकदा गोठलं की पुन्हा वितळायला ८५ अंश लागतात. सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. किलोभर चक्क्याला अगरची पूड सपाट एक चहाचा चमचा. ती पाऊण वाटी पाण्यात भिजवून मग दोन मिनिटं खळखळून उकळा, नुसतं गरम करून ती विरघळत नाही. चक्का आधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा. फ्रिजच्या थंड चक्क्यात अगर ओतलंत तर पडताक्षणी गोठून शेवया होतात. अगरचं पाणी जरा निवलं, पण अजून गरम असतानाच, त्यात दोन डाव चक्का घालून ढवळा आणि मग ते सगळं बाकीच्या चक्क्यात, हाताने ढवळत. पुन्हा फ्रिजमध्ये दोन-तीन तास. बाहेर काढाल तेव्हा वडीसारखं दिसेल, घाबरू नका. हाताच्या व्हिस्कने अर्धा मिनिट फिरवलं की गुळगुळीत होतं, आणि पुढे पाणी कमी सोडतं.

हवेसाठी स्किम्ड मिल्क पावडर. पाव वाटी पावडर, पाव वाटी बर्फाचं पाणी, स्टीलचं उभं भांडं. ते भांडं बर्फ आणि जाडं मीठ घातलेल्या परातीत ठेवा. पॉट आईस्क्रीमच्या लाकडी बादलीत जी युक्ती असायची तीच ही, मिठाने बर्फाचं तापमान शून्याच्याही खाली जातं. इलेक्ट्रिक बीटरने चार-पाच मिनिटं फेटा. आधी वाटतं काहीच होत नाही, मग एकदम फेस चढायला लागतो. नरम शेंडे आले, म्हणजे बीटर उचलल्यावर फेसाची टोकं उभी राहून वाकली, की लिंबाचा रस एक चहाचा चमचा, पिठीसाखर एक मोठा चमचा, आणखी मिनिटभर. इथे भिंत दुधातली प्रथिनं बांधतात, स्निग्धाची गरज नाही. उलट स्निग्ध असलं तर फेस बसतो. म्हणूनच पाकिटावर ‘स्किम्ड’ लिहिलंय का ते बघून घ्या. चहासाठीचा डेअरी व्हाइटनर दिसायला तसाच असतो, पण त्यात साखर आणि बहुधा स्निग्धही असतं. एका बारशाच्या ऑर्डरीला मी घाईत व्हाइटनर उचलला आणि वीस मिनिटं फेटून हाती आलं ते गोड दूध. बाळाची आजी दारात उभी होती. त्या दिवसापासून मी पाकीट दोनदा वाचते.

हा फेस नुसता ठेवला तर अर्ध्या तासात बसतो, म्हणून तो शेवटी करायचा. किलोभर चक्क्याला वर सांगितलेल्याच्या दुप्पट फेस लागतो, तो दोन घाण्यांत करा. आधी चक्क्यात दीडशे ग्रॅम पिठीसाखर आणि व्हॅनिला मिसळा. साखर चक्क्याचं पाणी ओढते, श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे, त्यामुळे साखरही आदल्या दिवशी नको. मग फेस तीन वेळा थोडा थोडा, रबरी उलथण्याने तळातून वर उचलत. गोल गोल ढवळलंत तर मेहनत वाया.

‘मग हे श्रीखंडच की’ असं कुणीतरी म्हणेलच. श्रीखंडात किलोभर चक्क्याला पाऊण ते एक किलो साखर पडते, इथे दीडशे ग्रॅम. शिवाय हे जिभेवर हलकं उतरतं. दह्याची किंचित आंबट छटा राहते, ती मी लपवणार नाही. लिंबाची किसलेली साल घातली तर ती छटा मुद्दाम आणल्यासारखी वाटते आणि फळांबरोबर शोभते. ज्यांना आंबट अजिबात चालत नाही ते पनीर दुधात वाटून घेतात, पण लिटरभर टोन्ड दुधाचं पनीर दीड-पावणेदोनशे ग्रॅमच निघतं, म्हणजे त्यात स्निग्ध चक्क्याच्या दुप्पट. ते हलकं समजून खाऊ नये.

पाहुण्यांत कुणी दूधच घेत नसेल तर त्यांच्यासाठी छोटी वाटी वेगळी करा. पुरणाची डाळ शिजताना कटावर पांढरा फेस येतो तो आठवतोय ना? काबुली चण्याच्या पाण्यात तोच गुण जास्त असतो. जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने २०१४ मध्ये डाळी-शेंगांचं शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटता येतं हे दाखवलं, पुढच्या वर्षी त्याला अ‍ॅक्वाफाबा असं नाव मिळालं. मीठ-सोडा न घालता चणे शिजवा, रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या, मग पाणी चिकट होईपर्यंत आटवून गार करा आणि लिंबाचे थेंब घालून आठ-दहा मिनिटं फेटा, साखर थोडी थोडी. स्निग्ध अजिबात नाही, पण पूर्ण आधार साखरेचा, आणि तासाभरात तळाला पाणी दिसतं. वाढायच्या वेळीच करा.

फळांचं सांगायलाच हवं. कच्चा अननस, पपई आणि किवी यांत प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात, दही-दुधाबरोबर थोड्या वेळात कडू होतात. अननस हवाच असेल तर साखरेत शिजवून, पूर्ण गार करून घाला. मे महिना आहे, केशर आंबा घ्या, फोडी कोरड्या करून. सांगोल्याकडची डाळिंबं मिळाली तर दाणे वर शोभतात, पण त्यांचा रंग क्रीमला लागतो, ते अगदी वाढताना पेरा. स्पंजला पाक नेहमीपेक्षा निम्माच लावा, चक्का स्वतःची ओल देतो.

याच्या टोकदार फुलांच्या माळा निघणार नाहीत. मोठ्या स्टार नोझलने सैलसर गोल येतात, तेवढंच. पूर्ण केकवर थापून गच्चीवर मिरवायचं हे क्रीम नाही. ट्रायफलसाठी मी काचेचे छोटे ग्लास भरते, म्हणजे एक मोठा बोल उकाड्यात उघडा पडत नाही. ग्लास परातीत, परातीत बर्फ, वर ओला पंचा. पाच-पाच ग्लास जिन्याने वर न्या. तास-दोन तास वीज गेली तरी फ्रिज न उघडता ठेवलात तर काही बिघडत नाही.

वेळापत्रक असं बसतं: वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पहाटे दही लावा, सकाळी दहाच्या सुमारास पुरचुंडी बांधा, रात्री अगर घालून ठेवा. वाढदिवसाच्या दिवशी संध्याकाळी सहाला फेस आणि साखर, साडेसहाला ग्लास भरून फ्रिजमध्ये. वडिलांच्या ग्लासात साखर किती चालेल हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारा. त्यांच्यासाठी चार चमचे चक्का मी बिनसाखरेचा बाजूला काढला असता आणि आंब्याच्या गोडीवरच ठेवला असता.

उरलं तर दुसऱ्या दिवशी फेस बसलेला असेल, चव तशीच राहते. सकाळी गरम फुलक्याबरोबर वाढा.