व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बसवून आभासी त्रिमितीय जग दाखवणारे उपकरण) वापरून जुनाट कंबरदुखी खरोखर कमी होते का?
होय, बऱ्याच रुग्णांची कंबरदुखी त्याने कमी होते, मात्र ती पूर्ण जात नाही आणि हा उपाय चालू उपचारांच्या जोडीने करायचा असतो, त्यांच्याऐवजी नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ईझव्हीआरएक्स’ या घरी वापरायच्या संचाला मान्यता दिली, ती १७९ रुग्णांच्या चाचणीच्या आधारे: आठ आठवड्यांनंतर या संचाच्या गटातील ६६ टक्के रुग्णांनी वेदना ३० टक्क्यांहून अधिक घटल्याचे सांगितले, तर साधी द्विमितीय दृश्ये पाहणाऱ्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. हा दुसरा आकडाही लहान नाही, हे जाहिराती वाचताना ध्यानात ठेवावे. येथे केवळ मन रमवले जात नाही; रोज २ ते १६ मिनिटांच्या सत्रांतून श्वासावर नियंत्रण, स्नायू सैल सोडणे आणि वेदनेवरून लक्ष हटवणे शिकवले जाते, म्हणजे मूळ पद्धत बोधात्मक वर्तन उपचाराचीच (विचार आणि सवयी बदलून त्रास हाताळायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची) आहे. त्यामुळे हेडसेटवर नुसता एखादा खेळ खेळून हाच परिणाम मिळेल, असे गृहीत धरू नये. काहींना हेडसेट टोचतो किंवा मळमळते. फेफरे अथवा चक्करीचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.