म्हातारपणाच्या आकड्यांमध्ये करिअर: दारव्हा तालुक्यातल्या पालकांना उत्तर

नमस्कार भाऊ,

मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, संख्याशास्त्र घेतलंय, आणि म्हातारपणी बुद्धी कशी उतरते, माणूस किती जगतो याचं मॉडेलिंग तिला शिकायचंय. हे डॉक्टरांचं काम नाही का, असं तुम्ही विचारलंय.

तपासतात डॉक्टर, आकड्यांचा अर्थ लावतो संख्याशास्त्रज्ञ. आणि तो लावणं फार जबाबदारीचं आहे. समजा, म्हाताऱ्या माणसांची ३० गुणांची बुद्धीची चाचणी दर दोन वर्षांनी घेतली. एका आजोबांचे गुण २४, २२, १८ असे उतरले आणि पुढच्या फेरीआधी ते वारले. झपाट्याने उतरणारे बहुधा आधी जातात. मग उरलेल्यांचीच सरासरी काढली, तर गावाची बुद्धी सुधारल्यासारखी दिसू शकते! म्हणून गुणांची घसरण आणि मृत्यूचा धोका एकत्र मांडणारं जॉइंट मॉडेल लागतं.

त्यावर थेट उडी नको. आधी मिक्स्ड मॉडेल (एकाच माणसाच्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या गुणांसाठी), मग कॉक्स रिग्रेशन (मृत्यूसारख्या घटनेचा धोका मोजायला), दोन्ही ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये, ते फुकट आहे. सरावाला ‘आर’च्याच ‘जेएमबेज२’ या जॉइंट मॉडेलच्या पॅकेजमधला ३१२ यकृतरुग्णांचा ‘पीबीसी२’ डेटा घ्यावा, बिलिरुबिनच्या (यकृत बिघडलं की रक्तात वाढणाऱ्या पदार्थाच्या) आकड्यांचा लॉगरिदम घेऊन. नवशिके हमखास चुकतात ते काळ मोजण्यात. वय हाच काळ धरला, तर ७५व्या वर्षी अभ्यासात आलेल्या बाईंच्या धोक्याची मोजणी ७५पासूनच सुरू करायची. आधीची वर्षं धरली तर धोका कमी दिसतो, कारण पंचाहत्तरीआधी वारलेले नोंदीत आलेलेच नसतात.

चाचणीतल्या गुणांवर शिक्षणाचाही परिणाम होतो, याचं भान तिला आपल्याकडूनच मिळेल. शाळा न पाहिलेली आजी तारीख सांगणार नाही, पण पोळ्याला किती दिवस उरले ते बिनचूक सांगेल. तिचे कमी गुण म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे.

मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेने केलेल्या ‘लासी’ या भारतातल्या वृद्धत्वाच्या सर्वेक्षणात ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण आहेत. पहिल्या फेरीचा डेटा अर्ज केल्यावर मिळतो. पण एका फेरीवरून घसरण मोजता येत नाही. साठीच्या आणि ऐंशीच्या माणसांत पिढीचा, शाळेचाही फरक असतो.

पोटापाण्याचं म्हणाल, तर औषध-चाचण्यांच्या कंपन्या, वैद्यकीय महाविद्यालयं, संशोधन प्रकल्प. प्रकल्पातलं काम बहुधा कंत्राटी, हे आधीच समजून घ्या. कंपन्यांत ‘सॅस’ हे सॉफ्टवेअर चालतं, तेही तिने शिकावं.

एमएस्सी संख्याशास्त्र अमरावती-नागपुरातही होतं. आयआयटीसाठी ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स पेपर द्यावा लागतो. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज चालतो. अर्ज साधारण सप्टेंबरात सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत असते.