गाडी सेकंडहँड घ्यावी की नवी कोरी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्या घरात सध्या एकच विषय चाललाय, गाडी. घरात आम्ही दोघं, मुलगी आठ वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा आणि सासूबाई, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. बजेट ठरलेलं आहे, त्यात एकतर नवी कोरी छोटी हॅचबॅक येते नाहीतर सहा वर्षं जुनी सात सीटर डिझेल, एकाच मालकाची, दिसायला चकाचक. नवरा म्हणतो शोरूमचीच घ्यायची, दुसऱ्याची डोकेदुखी कशाला विकत घ्या. दीर म्हणतात नवी गाडी शोरूमच्या बाहेर काढली की तिथेच पैसे बुडाले. रोजचं फिरणं शाळा, ऑफिस, बाजार, सगळं चार-पाच किलोमीटरच्या आत, लांब जाणं क्वचित. मला दोघांचंही पटतं म्हणूनच अडकलेय.

उत्तर : ताई, ती सात सीटर घेऊ नका. आधी सांगून टाकतो, कारणं आता देतो.

जुन्या गाडीची किंमत उतरते पण तिच्या पार्टची किंमत उतरत नाही, हे घेताना कुणाच्या डोक्यात नसतं. तुम्ही मोठी गाडी छोट्या गाडीच्या पैशात घेताय खरं, पण टायर मोठ्या गाडीचे लागणार, क्लच, शॉकअब, ब्रेक सगळं मोठ्या गाडीचं, विमा मोठ्या गाडीचा, आणि सहा-सात वर्षांनंतर ही कामं एकामागोमाग निघायला लागतात, नेमकी तेव्हा जेव्हा कंपनीची वॉरंटी संपलेली असते. पहिल्या मालकानेही बऱ्याचदा हाच हिशोब करून गाडी काढलेली असते.

दुसरं म्हणजे डिझेल. अलीकडच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात, तो धुरातली काजळी अडवतो आणि नंतर ती जाळून स्वतःला साफ करतो. पण जाळायला साधारण सहाशे अंश तापमान लागतं आणि ते मिळायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटं तरी बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. चार किलोमीटर शाळा, चार किलोमीटर परत, यात इंजिन नीट गरमही होत नाही, फिल्टर भरत जातो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि शेवटी फिल्टर बदलायची वेळ आली तर ते बिल घरचं सगळं बजेट हलवतं. दिवसाला शंभर किलोमीटर फिरणाऱ्याला मी हीच गाडी घ्या म्हटलं असतं. तुम्हाला पेट्रोलच बरी.

आता दिरांचा मुद्दा. पहिल्याच वर्षात नवी गाडी साधारण पंधरा-वीस टक्के उतरते आणि नंतर दर वर्षी उतरण्याचा वेग कमी होत जातो, हे खरंच आहे. पण हा तोटा पदरात पडतो कधी, तर विकता तेव्हा. तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याला तो जबरदस्त बसतो, आणि दहा-बारा वर्षं एकच गाडी वापरणाऱ्या घराला तो सगळ्या वर्षांवर विभागून जातो, शिवाय सुरुवातीची वर्षं वॉरंटीत निघतात आणि गाडी कशी वापरली गेली हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून नवऱ्याला आणि दिरांना आधी एवढंच विचारा की आपण ही गाडी किती वर्षं ठेवणार आहोत, निम्मा वाद तिथेच मिटेल.

माझ्या मते तुमच्यासाठी तिसरा पर्याय आहे ज्याकडे दोघांनीही बघितलेलं नाही. तीन-चार वर्षं जुनी, पेट्रोल, पाच सीटर, हॅचबॅकपेक्षा जरा उंच आणि ऐसपैस. सुरुवातीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि मोठी कामं अजून लांब असतात. अशी गाडी पूर्ण सर्व्हिस रेकॉर्डसकट मिळाली तर ती घ्या, आणि काही महिने शोधूनही मनासारखी मिळाली नाही तर बिनधास्त नवी हॅचबॅक. घाईघाईत सेकंडहँड घेऊ नका एवढंच. आणि सेकंडहँड घेतली तर बजेटचा एक दशांश तरी बाजूला ठेवा, पहिल्या वर्षात तो लागतोच. कर्ज काढणार असाल तर दोन्ही गाड्यांचा व्याजदर विचारून एकूण किती भरावे लागतात ते लिहून काढा, जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज बऱ्याचदा जास्त असतं.

सासूबाईंना बरोबर नेल्याशिवाय कुठलीच गाडी फायनल करू नका. सीट फार खाली असेल तर उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो, फार उंच असेल तर चढताना. सीटची उंची मांडीला लागेल अशी असली की माणूस नुसता टेकतो आणि पाय आत घेतो. त्यांना दोन-तीनदा बसवा-उतरवा, त्यांचा चेहरा बघूनच कळेल. मुलाची चाइल्ड सीटही घेऊन जा, मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, लोखंडी हूक आहेत का चाचपा आणि सीट खरोखर लावून बघा.

प्रश्न : सेकंडहँडच घ्यायची हे पक्कं झालंय, पण मला गाडीतलं काही कळत नाही. फसलो तर?

उत्तर : फसण्याची भीती योग्यच आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं की विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्यांनाच मधला भाव देतो, मग चांगली गाडी असलेला माणूस त्या भावात विकायलाच येत नाही आणि बाजारात खोडीच्या गाड्या वाढत जातात. या प्रकारच्या कामासाठी त्यांना २००१ साली दोघांबरोबर विभागून नोबेल मिळालं. आपल्या कामाचं यातलं काय, तर ज्याला गाडी विकायला खरंखुरं कारण आहे तो मालक शोधा, म्हणजे परदेशी चाललेला, कुटुंब वाढलेला, वयामुळे चालवणं बंद केलेला. कारण विचारल्यावर उत्तर गोलमोल आलं तर पुढची गाडी बघा.

आता स्वतः काय बघायचं. मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर विचारा का, कारण थंड इंजिन चालू होतानाच खरं बोलतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला तर सावध व्हा, थंड हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही तो दिसतो पण कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळत असेल तरी हीच खूण, ते मेकॅनिककडूनच तपासून घ्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. मुळाशी चिखलाचे डाग किंवा कुबट वास असेल तर गाडी पाण्यात गेली असण्याची दाट शक्यता. बेल्टच्या लेबलवर तारीखही असते, ती गाडीपेक्षा नवीन असेल तर बेल्ट का बदलला ते विचारा, बऱ्याचदा उत्तर अपघात हेच असतं. चेसिस नंबर कागदावरचा आणि गाडीवरचा स्वतः एकेक अक्षर जुळवा, सतरा अक्षरं-आकडे असतात. तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावणं, बाकी आहे का बघा, टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या आणि त्यातल्या अनेक दुरुस्त न होताच पुढे विकल्या गेल्या. रिकॉलचं काम कंपनी फुकट करते.

एवढं सगळं ठीक वाटलं तरी पैसे देण्याआधी तुमच्या ओळखीच्या, विकणाऱ्याच्या नव्हे, मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा. मालकाने याला नकार दिला तर बोलणी तिथेच थांबवा, गाडी कितीही आवडलेली असो.

प्रश्न : सात वर्षांची गाडी, फक्त अठरा हजार किलोमीटर चालली आहे म्हणतात. सोडू नये ना?

उत्तर : आधी आकडा खरा आहे का बघा. ब्रेक-क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची कड फाटलीय आणि मीटर म्हणतंय अठरा हजार, तर मीटर मागे फिरवलंय समजा. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर रीडिंग असतं, ते तारखेप्रमाणे लावा. आकडा खरा निघाला तरी उभ्या गाडीचं रबर वयाने जातंच. टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे बघा, ती टायर बनल्याची तारीख, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. जाडी कितीही शिल्लक असली तरी एवढे जुने टायर मुलांना घेऊन हायवेवर नेऊ नका. इंजिनच्या आतल्या टायमिंग बेल्टला किलोमीटरसारखीच वर्षांचीही मुदत असते, ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, बॅटरी बहुधा शेवटच्या टप्प्यात असणार. या सगळ्याचा खर्च मेकॅनिककडून लिहून घ्या आणि तो कागद समोर ठेवूनच भाव करा.