आज्जीची गोष्ट असाइनमेंटमध्ये चालेल का?

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. परीकथांचा पेपर म्हणून तू हौसेनं घेतलास आणि वर्गात रशियन अभ्यासक प्रॉपची 31 कार्यं, म्हणजे परीकथेतल्या पात्रांची ठरावीक कामं, पाठ करायची वेळ आली. झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सवर सगळा वर्ग चाललाय. इंग्रजीतून वाचताना दर ओळीला डिक्शनरी उघडावी लागते आणि तेवढ्यात गोष्ट हातून निसटते. हे सगळं वाचलं, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण पत्राच्या शेवटी, समासात, तू बारीक अक्षरात एक ओळ लिहिली आहेस: 'आमची आज्जी सांगती त्या गोष्टी पण ह्यातल्याच वाटतात, खरं त्या असाइनमेंटमध्ये घातलेल्या चालतील का?' मला सगळ्या पत्रात हीच ओळ मोलाची वाटली.

चालतील. मी तर म्हणते, सुरुवातच तिथून कर. का, ते जरा सविस्तर सांगते.

जर्मन परीकथा जमवून छापणाऱ्या ग्रिम बंधूंचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर दोघे भाऊ पाठीला पिशवी लावून जर्मनीतल्या खेड्याखेड्यांत फिरताहेत, असं चित्र येतं. तसं फारसं घडलेलं नाही. बऱ्याच गोष्टी त्यांना कासल शहरात, घरबसल्या मिळाल्या, आणि सांगणाऱ्या बहुतेक बायका होत्या. त्यातल्या हासेनफ्लुग बहिणींचं घराणं फ्रान्सातून धर्मासाठी परागंदा झालेल्या ह्युगेनॉट लोकांचं. घरात फ्रेंचचं वळण होतं. 'लाल टोपीवाली' ग्रिमना त्यांच्याकडूनच मिळाली. हीच गोष्ट शार्ल पेरोनं फ्रेंचमध्ये 1697 सालीच छापली होती, आणि त्याच्याकडे लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते. शिकारी नाही, पोट फाडून सुटका नाही. दुसरी एक सांगणारी डोरोथेआ फीमान. शिंप्याची बायको, भाजीपाला विकायला शहरात यायची. तिच्याबद्दल ग्रिमनी प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की पुन्हा सांग म्हटलं की ती तीच गोष्ट सावकाश, लिहून घेता येईल अशी सांगायची, आणि सांगताना एखादा शब्द चुकला तर स्वतःच थांबून दुरुस्त करायची. हे वाचताना तुला तुझ्या आज्जीची आठवण झाली नाही तरच नवल.

म्हणजे ज्याला आपण 'अस्सल जर्मन' म्हणून वाचतो, ते असं सरहद्दी ओलांडून आलेल्या बायकांच्या तोंडून मिळालेलं आहे. बेळगावच्या मुलीला हे समजायला जड जाऊ नये. घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी, असं ज्यांचं रोजचं चालतं, त्यांना गोष्ट एका भाषेतून दुसरीत कशी जाते हे कोणी शिकवायला लागत नाही.

आता पुढचं नीट वाच, कारण तुझ्या पेपरचा खरा गाभा इथं आहे. ग्रिमच्या संग्रहाचा पहिला भाग 1812 साली आला, दुसरा 1815 साली, आणि शेवटची, सातवी आवृत्ती 1857 साली. या पंचेचाळीस वर्षांत गोष्टी बदलत गेल्या. पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटचा जीव घ्यायला निघालेली बाई तिची सख्खी आई आहे. 1819 च्या आवृत्तीत सख्खी आई बाळंतपणानंतर मरते आणि सावत्र आई येते. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायचा बेत करणारीही आधी त्यांची आईच होती, ती पुढे सावत्र झाली. रापुन्झेल म्हणजे म्हातारीनं उंच बुरुजात कोंडलेली, लांब केस खाली सोडून माणसाला वर ओढून घेणारी मुलगी. पहिल्या आवृत्तीत ती म्हातारीला भोळेपणानं विचारते, माझे कपडे अलीकडे इतके घट्ट का होऊ लागलेत? पोरीला दिवस गेलेत, आणि तिला स्वतःला ते कळलेलं नाही. लोकांनी ओरड केली की हे पुस्तक मुलांच्या हाती कसं द्यायचं, तेव्हा दोघा भावांपैकी विल्हेल्मनं ती ओळ काढली. नंतरच्या रापुन्झेलच्या तोंडून निघून जातं की तू राजपुत्रापेक्षा वर ओढायला जड का गं लागतेस. गुपित फुटतं, पण पोटातलं मूल त्या वाक्यातून गायब होतं.

ही दोन वाक्यं समोरासमोर ठेवून बघ. एका बाजूला सांगणारीचा आवाज आहे, तिला बाईचं अंग, बाईची भीती ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूला टेबलावर बसून, विकत घेणाऱ्या घरांचा विचार करत केलेली दुरुस्ती आहे. विल्हेल्मला मी दोष देत नाही. त्याच्या हातून या गोष्टींना जी सुबक भाषा मिळाली, तिच्यामुळेच त्या जगभर गेल्या. पण वाचताना हे तीन प्रश्न कधी सोडू नकोस: कोणी सांगितली, कोणी बदलली, आणि कोणासाठी. पहिल्या आवृत्तीचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर जॅक झाइप्स यांनी 2014 साली आणलंय. त्यातलं इंग्रजी सोपं आहे, वाक्यं तोकडी आणि तोंडी बोलण्याच्या जवळची. तुझ्या डिक्शनरीच्या तक्रारीवर हाच उपाय: आधी ते वाच, मग 1857 चं. आणि पहिल्या वाचनाला डिक्शनरी बंद ठेव. न कळलेला शब्द पुढच्या दोन वाक्यांत आपोआप उलगडतो, नाही उलगडला तर मग बघावा.

आता तुझी आज्जी. श्रावण तोंडावर आलाय. सोमवारी तुमच्या घरी शिवामुठीची कहाणी होतेच. लहानपणापासून ऐकून ती तुला इतकी पाठ झाली असेल की तिच्याकडे 'टेक्स्ट' म्हणून बघणं तुला सुचलंच नसेल. आता बघ. आटपाट नगर, राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात, वसा देतात, आणि ती दर सोमवारी एकेक मूठ धान्य शिवाला वाहते: तांदूळ, तीळ, मूग, जव. शेवटी देव तिचं ऐकतो, देऊळ सोन्याचं होतं, सासऱ्याची नजर बदलते.

याच्या शेजारी ग्रिमची सिंड्रेला ठेव, तिचं जर्मन नाव आशेनपुट्टेल. तिलाही जाडंभरडं, तीही चुलीजवळच्या राखेत झोपते. सावत्र आई मसूर राखेत उधळते आणि निवडायला लावते, कबुतरं येऊन निवडून देतात. आईच्या थडग्यावरचं हेझलचं झाड तिला कपडे देतं. छळलेली बाई, रानातून आलेली मदत, आणि मधे मूठभर धान्य, हे दोन्हीकडे आहे. मला त्या धान्याचं फार अप्रूप वाटतं. तिकडे धान्य ही शिक्षा आहे, वेचत बसायची. इकडे तेच धान्य ती स्वतःच्या हातानं देते, आणि तेवढंच तिच्या हातात आहे. शेवटही ताडून बघ. ग्रिमच्या 1819 नंतरच्या गोष्टीत पाखरं सावत्र बहिणींचे डोळे फोडतात. पेरोची सिंड्रेला बहिणींना माफ करून त्यांची लग्नंही लावून देते. आपल्या कहाणीत जावांना शिक्षाही नाही आणि माफीही नाही, कहाणी त्यांच्याकडे वळूनच बघत नाही. तिचं लक्ष फक्त एका गोष्टीवर आहे, 'नावडती आहे ती आवडती कर रे देवा'. असं का, यावर तू दोन पानं लिहिलीस तर तुझी असाइनमेंट झाली म्हणून समज.

आणि तो प्रॉप. त्याला वैरी समजू नकोस. 1928 साली त्यानं रशियन परीकथा समोर घेऊन दाखवलं की पात्रं बदलतात, पण त्यांची कामं तीच राहतात आणि ठरलेल्या क्रमानं येतात. ती यादी पाठ करून काही मिळणार नाही, ती गोष्टीवर लावून बघायला हवी. त्याची यादी नायकाच्या लग्नावर आणि राज्यप्राप्तीवर संपते. आपली नावडती तर गोष्टीच्या पहिल्या वाक्यातच सून आहे! जिथं तिकडची गोष्ट थांबते तिथून इकडची सुरू होते. यादी जिथं अडते, तिथंच तुला लिहायला काही सापडेल.

हे नेमकं हेरलं ते ए. के. रामानुजन यांनी. तुला ते कवी म्हणून माहीत आहेत. 1950 च्या दशकात ते आपल्या बेळगावात कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि या भागातल्या बायकांकडून कन्नड गोष्टी उतरवून घेत होते. त्यातली एक कित्तूरची, हंचीची. सोन्याच्या केसांची मुलगी, तिच्या सख्ख्या भावाचीच नजर फिरते, तेव्हा आई तिला मातीचा मुखवटा करून देते आणि घराबाहेर काढते. मुखवट्याआड ती एका सावकाराच्या घरी मोलकरीण होऊन राहते, पुढे तिचे केस त्या घरातल्या मुलाला दिसतात, लग्न होतं. पण गोष्ट तिथं संपत नाही, लग्नानंतर नवं संकट येतं. बायकांनी बायकांना सांगितलेल्या गोष्टींत लग्न हा पुष्कळदा शेवट नसतो, अडचणींची सुरुवात असते, हे रामानुजन यांनी पुढे नीट मांडलं. कित्तूर इथून काही फार लांब नाही. आणि मातीचं काम म्हणशील तर खानापूरच्या कुंभारकामात तुझं बालपण गेलंय. त्या मुखवट्याची माती कशी मळली असेल, वाळताना कुठं तडा जाऊ शकतो, हे शिकागोच्या ग्रंथालयात बसलेल्या संशोधकापेक्षा तुला अधिक कळेल.

आज्जीला विचार, सोन्याच्या केसांच्या मुलीची गोष्ट तिला येते का. मराठीत येत असेल, कन्नड शेजारणीकडून ऐकलेली असेल, किंवा वेगळीच काही निघेल. जे निघेल ते लिहून घे.

लिहून कसं घ्यायचं, त्याबद्दल थोडं. तिच्यासमोर मोबाइल धरून 'आज्जी, गोष्ट सांग' असं म्हणू नकोस. ती अवघडेल आणि शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायला लागेल. ती शेंगा फोडत असेल, तांदूळ निवडत असेल, तेव्हा शेजारी बस आणि तूही हात चालव. मोबाइल ठेवायचा तर तिला सांगून, विचारून बाजूला ठेव. ती म्हणेल, 'थांब रे, कावळ्या, लेकराला न्हाऊ घालालोय', तर तू वहीत तसंच 'घालालोय' लिही, 'घालते आहे' करू नकोस. विल्हेल्मनं केलं ते आपण करायचं नाही. ही गोष्ट तिनं कोणाकडून ऐकली, कुठल्या गावी, कुठल्या कामाच्या वेळी, हेही विचार. ऐकायला बसलेल्यांपैकी कोण कुठं हसलं, कोणी मधेच 'तसं न्हवं' म्हणून टोकलं, ते लिही. मधेच ती विसरली तर आठवण करून देऊ नकोस. विसरलेल्या जागी ती जे घालते, ते फार मोलाचं असतं.

आणि वर तिचं नाव घाल. मेरी फ्रिअर ही मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. 1860 च्या दशकात वडिलांबरोबर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर असताना तिनं आपल्या आयाकडून, अॅना लिबेराता डिसूझाकडून, गोष्टी ऐकल्या आणि 1868 साली त्यांचं पुस्तक काढलं. साहेबाच्या घरातली मुलगी, पण तिनं अॅनाचं नाव दिलं, आणि अॅनानं स्वतःच्या तोंडून सांगितलेली तिची जीवनकहाणीही छापली. अॅनाला त्या गोष्टी तिच्या आजीनं सांगितलेल्या होत्या. त्या काळात हे झालं, तर तुझ्या असाइनमेंटच्या पहिल्या पानावर तुझ्या आज्जीचं नाव यायला काय हरकत आहे? तिला आधी विचार मात्र. नको म्हणाली तर फक्त गाव लिही.

डॅनिश लेखक अँडरसनबद्दल विचारलंयस, ते थोडक्यात. त्याला ग्रिमच्या रांगेत बसवू नकोस. 'लिटल मर्मेड' ही 1837 ची, त्यानं स्वतः रचलेली कथा आहे, आणि तिथं जलपरीला राजपुत्र मिळतच नाही. ती लेखकाची कथा म्हणून वाच, त्याच्यावर वेगळा प्रश्न येतो. सिनेमे परीक्षेनंतर बघ, नाहीतर सिंड्रेलाची काचेची चप्पल आणि भोपळा तू ग्रिमच्या नावावर लिहून येशील. ती दोन्ही पेरोची आहेत.

मार्कांची धास्ती मला कळते. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी साहित्य घेणाऱ्या मुलांना वाटत राहतं की आपण दुसऱ्याच्या घरात चोरपावलांनी वावरतोय. तुला तसं वाटायचं काही कारण नाही. वर्गात ज्यांचं इंग्रजी फाडफाड आहे, त्यांच्यापैकी किती जणांना शिवामुठीची कहाणी अथपासून इतिपर्यंत येते? तुझा पहिला खर्डा मराठीतच लिही, विचार पक्का होऊ दे. मग इंग्रजी करायला आपण दोघी बसू. व्याकरण मी बघते, त्याची काळजी तू करू नकोस. नोट्सही टाकून देऊ नकोस, इंटर्नलला त्या लागतील. एका आठवड्यात पाठ होतात.

पहिल्या सोमवारी गावी जाशीलच. वही कच्चीच घेऊन ये, काही सुधारू नकोस. झाइप्सचं पुस्तक माझ्याकडे आहे, ते परतीच्या वेळी घेऊन जा. दुपारी तीननंतर मी घरीच असते. आज्जीला माझा नमस्कार सांग.

तुझ्या,
बाई