पोर्शे 911 खडीच्या कच्च्या रस्त्यावर नेली तर चालते का?

चालते, पण 20-30 च्या वेगात आणि कधीमधीच. इंजिन मागे असलं तरी रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढच्या चाकांच्या पुढ्यात, बंपरच्या जाळीमागे असतात. तिथे बारीक खडी आणि पाला साचतो, एखादा टोकदार खडा कंडेन्सरला भोक पाडतो. टायरची बाजू बुटकी, त्यामुळे खड्ड्यात दणका थेट रिमला. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा, घरी आल्यावर टॉर्च मारून जाळीत बघा. नोज-लिफ्टवर विसंबू नका, ते फक्त पुढचं नाक उचलतं, तेही कमी वेगातच. अपवाद 911 डकार या खास मॉडेलचा: सस्पेन्शन स्पोर्ट सस्पेन्शनवाल्या साध्या 911 कॅरेरापेक्षा मुळातच 50 मिमी उंच, टायर ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यालाही चालणारे. पण बनवल्या 2,500 च, त्यामुळे मिळणं कठीण.