लिनक्स वर्कस्टेशनवर क्रॉनची मेल येतच नाही, 'नो मेल' दाखवतं. पोस्टफिक्स काढूनच टाकू का?

तुम्ही लिहिलंय की पोस्टफिक्स (मशीनवरची मेल पोचवणारा प्रोग्रॅम) चालू आहे, क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं वेळेवर होतात, पण त्यांची मेल काही मिळत नाही. तेवढंच विचारलं असतं तर कुणीतरी दोन ओळींत सांगितलं असतं. 'काढूनच टाकू का' हे वाचलं आणि लिहायला बसलो.

काढू नका.

भोसरीत डाय डिझाइनच्या एका ऑफिसात मी नऊ वर्षं होतो. अ‍ॅनालिसिससाठी एक डेबियनचं (लिनक्सचाच एक प्रकार) वर्कस्टेशन होतं. सिस्टिम एसएसडीवर आणि कामाचा सगळा डेटा दोन हार्ड डिस्कच्या मिररवर, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत. ज्या सहकाऱ्यानं ते मशीन बसवलं तो नोकरी सोडून गेला, त्याचं खातं काढलं गेलं, पण कुणाची मेल कुणाकडे जावी हे ठरवणाऱ्या /ईटीसी/एलियसेस फाइलमध्ये रूटच्या (मशीनच्या मुख्य खात्याच्या) पुढे त्याचंच नाव राहिलं. मी वरिष्ठांना म्हटलं होतं, रूटची मेल माझ्याकडे वळवून द्या. पासवर्ड त्यांच्याकडेच होता. ते म्हणाले, "अरे, त्या मशीनला बाहेरचं नेटसुद्धा नाही, मेल कसली येणार? आणि आली तरी वाचतंय कोण?" मी आणखी एकदा विषय काढला, मग सोडून दिला.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर डेटाचं फोल्डर उघडेना. कॅबिनेटला कान लावला. आतून टक्, टक्, जरा थांबून पुन्हा टक्. मिररमधली एक गेली तरी डेटा उघडतो, म्हणजे आता गेली होती ती दुसरी डिस्क. मग पहिली कधी गेली?

त्या दिवशी पासवर्ड मिळाला आणि मी मेलचा लॉग (नोंदींची फाइल) उघडला. तिथे जुने लॉग चार आठवड्यांचेच राहायचे. त्या चारही आठवड्यांत रोज सकाळी 6:25 ला रूटच्या नावे एक मेल निघाली होती. लॉगमध्ये मजकूर नसतो, पण 6:25 ही डेबियनच्या रोजच्या क्रॉनची वेळ, आणि मिरर सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या प्रोग्रॅमची तपासणी तिथे त्यातच व्हायची. मिररमध्ये एकच डिस्क उरली आहे, हे ते मशीन रोज सकाळी सांगत होतं. आणि खाली रोज तीच ओळ: स्टेटस बाउन्स्ड, अननोन युजर. मेल त्या गेलेल्या माणसाच्या नावे जायची, खातं नाही म्हणून पाठवणाऱ्याकडे परत यायची, पाठवणारा रूट, आणि रूट म्हणजे पुन्हा तोच माणूस. परत फिरवलेली मेलही पोचली नाही की पोस्टफिक्स ती टाकून देतं, नाहीतर ती जन्मभर फिरत राहील. पहिली डिस्क कशीबशी वाचता आली. एमडीएडीएमनं तिच्यावरची शेवटची नोंद दाखवली ती जुलैची.

बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप गणपतीच्या आधीचा होता. दोन प्रेस टूलचं काम पहिल्यापासून करावं लागलं, डिसेंबरचे सगळे रविवार त्यात गेले. मीटिंगमध्ये ठरलं की डिस्कची कंपनीच खराब. मी लॉगच्या त्या ओळी छापून टेबलावर ठेवल्या होत्या. कुणी उचलल्या नाहीत. डिस्क खराब होणारच, त्यासाठी तर मिरर असतो. चूक एलियसच्या त्या एका ओळीची होती, आणि ती बदलायला एक मिनिट लागलं असतं.

आता तुमचं. सगळे आधी कॉन्फिग उघडून बसतात, तो वेळ वाया जातो. स्वतःलाच एक मेल पाठवा आणि लगेच लॉगच्या शेवटच्या ओळी बघा. स्टेटसपुढे काय आहे त्यावरच पुढचं सगळं ठरतं. सेंट असेल तर मेल पोचली आहे, तुम्ही चुकीच्या पेटीत बघताय: क्रॉनटॅबमधलं (क्रॉनच्या कामांची यादी) मेलटू, म्हणजे मेल कुणाला जावी ती ओळ, तपासा, आणि काम रूटच्या क्रॉनटॅबमध्ये असेल तर मेलही रूटलाच जाते. अननोन युजर असेल तर वरची गोष्ट पुन्हा वाचा. एलियसेस बदलल्यावर न्यूएलियसेस ही कमांड चालवायला विसरू नका, नुसती फाइल सेव्ह करून पोस्टफिक्सला काही कळत नाही. मशीनचं नाव मध्यंतरी बदललं असेल आणि नवं नाव मायडेस्टिनेशनमध्ये (पोस्टफिक्स स्वतःची मानतं त्या नावांची यादी) नसेल, तर पोस्टफिक्सला ती मेल परक्या मशीनची वाटते. मग ती डिफर्ड (लांबणीवर) झाली तर मेलक्यूमध्ये, म्हणजे थांबलेल्या मेलच्या रांगेत, पडून राहते आणि पाच दिवसांनी परत येते. 'फाइल टू लार्ज' दिसलं तर पेटी भरली आहे. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा 5,12,00,000 बाइटची आहे, आणि बडबड्या क्रॉनला ती भरायला फार दिवस लागत नाहीत.

आणि पोस्टफिक्स काढलंत तर क्रॉन लॉगमध्ये एवढंच लिहील: नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट. म्हणजे मेल पोचवणारा प्रोग्रॅमच नाही, मजकूर टाकून देतोय. तुमच्या कामांनी जे काही सांगितलं असेल ते तिथेच संपलं.

'बाहेर नेट नाही तर मेल कसली' असं तुम्हालाही कुणी ऐकवत असेल तर त्याला सांगा, मेल ही कमांड 1971 च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये आहे. तेव्हा इंटरनेट नव्हतंच. एकाच मशीनवरच्या माणसांनी एकमेकांना निरोप ठेवायचा, एवढंच तिचं काम. लोकल मेल म्हणजे /व्हार/मेलमधल्या तुमच्या नावाच्या फाइलच्या शेवटी जोडलेल्या चार ओळी. त्यांना वायर लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. मी हे डेबियन आणि पोस्टफिक्स धरून लिहिलंय. रेड हॅटकडे लॉगचं नाव मेललॉग आहे, आणि डेबियन 12 पासून लॉगची फाइलच सापडली नाही तर जर्नलसीटीएल या कमांडनं बघा. फ्रीबीएसडी 14 (लिनक्स नव्हे, वेगळी सिस्टिम) असेल तर तिथे जुन्या सेंडमेलच्या जागी डीएमए हा मेल प्रोग्रॅम आहे, त्याला मायडेस्टिनेशन वगैरे लागू नाही. रूटची मेल थेट जीमेलवर वळवायची असेल तर तो वेगळा व्याप आहे. आधी मशीनवरच्या मशीनवर पोचू द्या. आणि एलियसमध्ये एकाच माणसाचं नाव ठेवू नका, स्वल्पविराम देऊन दुसरं लिहिता येतं. माझ्या आताच्या ऑफिसात दोन नावं आहेत, आणि कुणी नोकरी सोडली की त्याचं खातं काढण्याआधी मी ती फाइल उघडतो.

स्टेटसची ओळ जशीच्या तशी इथे टाका, मग बघू.