मुत्तकी, मुख्लिस आणि आपलं 'खालसा'

प्रश्न असा आला आहे: एका शोकसभेत उर्दू वक्त्याने दिवंगत शिक्षकांविषयी 'बडे मुत्तकी और मुख्लिस इन्सान थे' असं म्हटलं. मराठी वृत्तांतात त्याचं 'अत्यंत धार्मिक होते' एवढंच झालं. हे बरोबर आहे का? नसेल तर या दोन शब्दांत फरक काय, आणि 'मुख्लिस'चा आपल्या 'खालसा', 'खुलासा'शी काही संबंध लागतो का?

'धार्मिक' हा शब्द इथे मला अपुरा वाटतो. धार्मिक माणूस बाहेरून ओळखू येतो. पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, हजची यात्रा लोकांना दिसते. मुत्तकी आणि मुख्लिस हे शब्द नेमके न दिसणाऱ्या भागाबद्दल आहेत. 'सहीह मुस्लिम' या संग्रहातल्या एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदीत, मुहम्मद पैगंबर स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून तीनदा सांगतात, की तकवा, म्हणजे पापापासून जपून राहण्याची वृत्ती, इथे असतो. बकरी ईदच्या कुर्बानीविषयीही कुरआन (२२:३७) हेच सांगतं: मांस किंवा रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा.

हा तकवा ज्याच्याकडे आहे तो मुत्तकी. अरबीत 'व-क-य' या धातूचा अर्थ राखणं, बचाव करणं. कुरआनातच (१६:८१) उन्हापासून आणि लढाईतल्या घावांपासून वाचवणाऱ्या वस्त्रांचा उल्लेख येतो तिथे याच धातूचं क्रियापद आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी (७:२६) सरळ 'तकव्याचं वस्त्र' असा शब्दप्रयोग आहे. तेव्हा मूळ कल्पना भीतीची नाही, जपण्याची आहे. मराठीत 'ईशभय' म्हटलं की नुसता धाक तेवढा उरतो. 'ईशपरायणता' त्याहून बरा, पण त्यात सावधपणा येत नाही. तफसीरच्या, म्हणजे कुरआनवरच्या भाष्याच्या ग्रंथांत एक आठवण दिलेली असते. खलीफा उमर यांनी पैगंबरांचे एक सहकारी उबय्य इब्न कअब यांना तकवा म्हणजे काय असं विचारलं. त्यांनी उलट विचारलं, काट्यांच्या वाटेने कधी गेला आहात का? मग काय केलंत? उमर म्हणाले, कपडे आवरून घेतले आणि जपून पाऊल टाकलं. 'तोच तकवा.'

उर्दूत मुत्तकीला फारसी पर्याय आहे 'परहेजगार'. परहेज म्हणजे आपलं पथ्य. मला हा धागा फार मोलाचा वाटतो, कारण पथ्य पाळणारा माणूस रोगाला घाबरून कोपऱ्यात बसलेला नसतो. तो रोज जेवतो, फक्त ताटात काय घ्यायचं ते पाहून घेतो. कुरआनात (२:१८३) रोजे सांगितले आहेत तेही 'तुमच्यात तकवा यावा' म्हणूनच. मराठीत मुत्तकीच्या सर्वांत जवळ जाणारा जुना शब्द 'पापभीरू'. आज त्याला थोडी भित्रेपणाची छटा आली आहे हे खरं, तरी 'धार्मिक'पेक्षा तो मी केव्हाही पसंत करेन.

आता मुख्लिस. इथे आपल्या मराठीच्या घरातच पुष्कळ नातेवाईक भेटतात. 'ख-ल-स' या धातूचा अर्थ भेसळीतून किंवा अडकण्यातून मोकळं होणं, निव्वळ उरणं. 'खालिस' म्हणजे निर्भेळ. मुघल काळात ज्या जमिनीचा महसूल मधल्या जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारी खजिन्यात जमा होई ती 'खालिसा', म्हणजे आपली खालसा. डलहौसीने १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा केलं ते याच अर्थाने. 'खुलासा' म्हणजे मुळात सार, अर्क. उर्दूत अजून सारांश, आणि मराठीत मात्र स्पष्टीकरण. 'खलास' म्हणजे सुटका, आणि पुढे 'संपलं'. दुबई-मस्कतला राहिलेल्या मराठी माणसाला तिथल्या बोलीतलं 'खलास' अनुवादाशिवाय कळतं. मराठी गझलकार आपल्या टोपणनावाला तखल्लुस म्हणतात तो शब्दही याच घरातला.

आणि 'इख्लास' म्हणजे भेसळ काढून टाकण्याची क्रिया. मुख्लिस तो, जो ही क्रिया करतो. धातूचा सगळ्यात सुंदर वापर कुरआनात (१६:६६) दुधाबद्दल आहे: जनावराच्या पोटातल्या चोथ्यामधून आणि रक्तामधून येणारं 'लबनन खालिसन', निर्भेळ दूध. दोन्हींच्या मधून येऊनही ज्यात कशाचाच अंश नाही ते खालिस. हेतूचंही असंच असावं ही अपेक्षा आहे. माणसाच्या मनात लौकिक, स्पर्धा, स्वार्थ असायचाच, त्यांच्या मधून काम निर्भेळ निघायला हवं. कुरआनाच्या ११२ व्या सूरहचं, म्हणजे अध्यायाचं, नाव 'अल-इख्लास' आहे, आणि तिच्या चार आयतींत हा शब्द एकदाही येत नाही. ईश्वर एकच, त्याच्यासारखा कोणी नाही, एवढंच ती सांगते. भक्तीत दुसरं काही मिसळू नये, हाच तिथला इख्लास.

याच्या उलट 'रिया', म्हणजे लोकांनी पाहावं म्हणून केलेलं सत्कर्म. हा 'पाहणे' या धातूवरचा शब्द. 'सहीह मुस्लिम'मध्येच एक अंगावर येणारी हदीस आहे: न्यायाच्या दिवशी सर्वांत आधी ज्यांचा निवाडा होईल त्यांत एक हुतात्मा, एक विद्वान आणि एक दाता असेल, आणि तिघेही आगीत जातील. लोकांनी शूर म्हणावं म्हणून तू लढलास, लोक तसं म्हणाले, तुझं देणं फिटलं. असं तिघांनाही सांगितलं जातं. काम खोटं नव्हतं, पत्ता चुकला होता. आठव्या शतकातले सूफी फुजैल इब्न इयाज याच्याही पुढे जातात. लोकांना दिसावं म्हणून एखादं काम करणं हा शिर्क, म्हणजे ईश्वराच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं, आणि लोक काय म्हणतील म्हणून ते सोडणं हीसुद्धा रिया, असं त्यांचं म्हणणं. दोन्हीतून सुटका झाली तर तो इख्लास. इथे 'खलास'मधला सुटकेचा अर्थ पुन्हा जागा होतो.

मुख्लिससाठी मी 'निर्मळ मनाचा' असं सुचवेन. मळ काढून टाकल्याचा अर्थ त्या शब्दाच्या अंगातच आहे. 'प्रामाणिक' नको, तो पैशाच्या व्यवहाराकडे ओढतो. आपला 'इमानेइतबारे' इस्लामी शब्दांतून घडलेला असला तरी तो चाकरीच्या निष्ठेचा आहे. म्हणजे ते वाक्य 'सर पापभीरू आणि निर्मळ मनाचे होते' असं करता आलं असतं.

उच्चाराबद्दल एक सूचना. अरबीत 'मुख्लिस' आणि 'मुख्लस' असे दोन शब्द आहेत. पहिला म्हणजे निर्मळ करणारा, दुसरा म्हणजे ज्याला ईश्वराने निर्मळ करून निवडलं तो. कुरआनात (१९:५१) मूसा (मोझेस) या पैगंबरांना आपल्याकडच्या प्रचलित पाठात 'मुख्लस' म्हटलं आहे. उर्दूत जेर-जबर ही स्वरचिन्हं सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे दोन्ही सारखेच दिसतात. देवनागरीत तो फरक एका वेलांटीने उघड होतो, तेव्हा ती जपून द्यावी.

शेवटी वापराचा मुद्दा. उर्दू पत्राच्या अखेरीस स्वतःला 'आपका मुख्लिस' म्हणण्याची रीत आहे. तिथे अर्थ सौम्य होतो, तुमचा मनापासूनचा स्नेही एवढाच. 'मुत्तकी' मात्र कोणी स्वतःबद्दल म्हणत नाही, म्हणूही नये. कुरआनात (५३:३२) तशी स्पष्ट मनाई आहे: स्वतःला पवित्र ठरवू नका, तकवा कोणी राखला ते अल्लाहच जाणतो. दुसऱ्याची स्तुती करतानाही 'माझ्या समजुतीप्रमाणे तो असा आहे, हिशेब अल्लाहकडे' असं म्हणावं अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे. म्हणून वृत्तांत लिहिणाऱ्याने 'वक्त्यांनी त्यांना पापभीरू म्हटलं' असं लिहिलं, तर ते भाषेला आणि त्या श्रद्धेला, दोन्हींना धरून होईल.